मराठी मजकुराचे माप चुकते आहे : बंद केलेली तक्रार पुन्हा उघडण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : आपल्या ग्रिड व रिपोर्ट कंपोनंटमध्ये देवनागरी मजकुराची उंची आणि रुंदी चुकीची मोजली जाते, दुरुस्ती मिळण्याबाबत.

महोदय,

मी सांगलीत स्वतंत्रपणे सॉफ्टवेअर तयार करते. जिल्ह्यातल्या काही पतसंस्था आणि विकास सोसायट्या माझा प्रोग्राम वापरतात. त्यातल्या सभासद याद्या, खातेउतारे, थकबाकीचे तक्ते आणि काउंटरवर लावलेला मोठा स्क्रीन, हे सगळे आपल्या कंपोनंटवर, म्हणजे प्रोग्राममध्ये बसवायच्या तयार सॉफ्टवेअर भागावर, चालते. त्याच्या परवान्याचे पैसे मी दरवर्षी वेळेवर भरते. आपल्या माहितीपत्रकात सर्व भारतीय भाषा चालतात असे ठळकपणे छापले आहे, आणि तेच वाचून मी हा कंपोनंट निवडला होता.

माझी तक्रार अशी की मजकूर स्क्रीनवर काढण्याआधी तो किती जागा घेईल याचे माप आपला कंपोनंट काढतो, ते माप मराठीसाठी चुकते, आणि मग त्या मापाच्या चौकटीबाहेर गेलेला अक्षरांचा भाग कापला जातो. आपल्या सपोर्ट विभागाने ही त्रुटी नसून फॉन्टचे वैशिष्ट्य आहे असे कळवले आणि तक्रारीचे तिकीट बंद केले. ते उत्तर चुकीचे आहे, आणि का चुकीचे आहे ते मी इथे सविस्तर लिहीत आहे, कारण यापूर्वी पाठवलेले स्क्रीनशॉट कोणी नीट पाहिले असावेत असे उत्तरांवरून वाटत नाही.

आधी काय कापले जाते ते सांगते. "थकीत कर्जांची यादी" या शीर्षकात रफार आणि अनुस्वार दोन्ही छाटले जातात. "अर्ज" लिहिले की "अज" दिसते. "चुकता" मधला उकार खालून जातो. "बाकी" ची वेलांटी वरून कापली गेली की काना तेवढा उरतो. तासगाव तालुक्यातल्या तुर्चीच्या सभासदाला आपल्या गावाचे नाव "तुची" असे दिसते. ज्या शब्दात वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर येतात, उदाहरणार्थ "मूर्तींची", तिथे तर शिरोरेखेच्या वरचे जवळजवळ काहीच राहत नाही. वसुलीच्या यादीत "जामीनदाराची" आणि "जामीनदारांची" हे दोन वेगळे अर्थ आहेत. एक टिंब गेले तर एक माणूस की अनेक, हे वाचणाऱ्याला कळत नाही. पैशांच्या व्यवहारात हे चालवून घेण्यासारखे नाही. काउंटरपुढे उभे राहणारे बरेच सभासद साठी-सत्तरीतले असतात, ते लांबून वाचतात, आणि कापलेल्या अक्षरांमुळे संस्थेच्या कारकुनाला प्रत्येकाला रक्कम आणि नाव तोंडी सांगावे लागते.

आता कारणाकडे येते. फॉन्टचा आकार १६ पिक्सेल ठेवला म्हणजे अक्षरे १६ पिक्सेल उंच होतात असे नाही. तो आकार म्हणजे फॉन्ट बनवणाऱ्याने गृहीत धरलेल्या चौकटीची उंची असते. ती चौकट बहुधा १००० किंवा २०४८ एककांत विभागलेली असते आणि प्रत्यक्ष अक्षर तिच्या बाहेरही जाऊ शकते. म्हणून प्रत्येक फॉन्ट स्वतःविषयी वेगळी माहिती देतो: आधाररेषेपासून वर किती जागा हवी, खाली किती हवी, दोन ओळींत किती अंतर हवे. ओपनटाइप या आजच्या प्रचलित प्रकारच्या फॉन्टमध्ये अशा आकड्यांचे एक नव्हे, तीन संच असतात आणि ते सारखे असतीलच असे नाही. त्यांपैकी विंडोजसाठीच्या संचाबद्दल विनिर्देशात, म्हणजे ओपनटाइपच्या अधिकृत नियमांत, स्पष्ट लिहिले आहे की विंडोजची मजकूर व चित्रे काढण्याची जुनी जीडीआय पद्धत त्या मर्यादेबाहेरचा अक्षराचा भाग कापते. म्हणजे कोणता संच वापरायचा हा निर्णय कंपोनंट लिहिणाऱ्यालाच जाणीवपूर्वक घ्यावा लागतो.

आपल्या कंपोनंटमध्ये नेमके कुठे बिघडते ते मी तपासून पाहिले. मोजलेली चौकट लाल रेषेने काढली, मजकूर त्याच जागी न कापता काढला, आणि रंगलेले पिक्सेल कुठून कुठपर्यंत जातात ते पाहिले. कंपोनंटचा मूळ फॉन्ट विंडोजचा सेगो यूआय आहे. या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे नाहीतच, त्यामुळे विंडोज ती निर्मला यूआय या आपल्या भारतीय लिपींच्या फॉन्टमधून घेऊन काढते. चित्र निर्मलाचे, पण आपण उंची विचारता ती सेगोला! इंग्रजी शब्दाची आणि "मूर्तींची" ची उंची आपला कंपोनंट अगदी सारखी देतो, यातच सगळे आले. तोच मजकूर, तोच आकार ठेवून मी फॉन्टचे नाव थेट निर्मला यूआय असे लिहिले, तेव्हा साध्या ओळींमधले बहुतेक कापणे थांबले. स्क्रीनवर उमटणारी अक्षरे दोन्ही वेळा त्याच फॉन्टमधली होती. दोष फॉन्टचा असता तर नाव बदलून काहीच फरक पडला नसता. दोष मोजण्यात आहे याचा याहून सरळ पुरावा मला देता येणार नाही.

मग फॉन्टचे नाव बदलूनच वापरा, असे आपण म्हणाल, आणि आपल्या दुसऱ्या उत्तरात तसे म्हटलेही आहे. त्याने काम भागत नाही. ठळक शीर्षकांत रफार आणि अनुस्वार तरीही वरच्या कडेला टेकतात. रुंदीची चूक तशीच राहते. शिवाय सभासदाचे नाव कोणत्या लिपीत येईल हे मी आधी ठरवू शकत नाही. जत तालुक्यातल्या संस्थांमध्ये कन्नड नावेही असतात, आणि कन्नडमध्ये जोडाक्षरातले दुसरे व्यंजन मुख्य अक्षराच्या खाली लिहितात, म्हणजे तिथे खालची बाजू कापली जाते. उर्दूच्या नस्तालिक वळणात शब्द वरून खाली तिरका उतरतो, त्यामुळे शब्द लांबला की उंचीही वाढते. व्हिएतनामी भाषा तर रोमन लिपीतच लिहितात, पण एका स्वरावर दोन-दोन चिन्हे येतात. हा केवळ मराठीचा हट्ट आहे असा जो सूर आपल्या पत्रात होता, तो म्हणूनच मला खटकला. जगातल्या कितीतरी लोकांची नावे आपल्या मोजणीत बसत नाहीत.

रुंदीबद्दल. आपला कंपोनंट मजकुरातल्या एकेका युनिकोड चिन्हाची (संगणकात साठवलेल्या एकेका सुट्या खुणेची) रुंदी घेऊन बेरीज करतो असे दिसते. रोमन लिपीत एवढ्याने बऱ्यापैकी भागते. देवनागरीत मुळीच नाही. "स्त्री" हे डोळ्यांना एक अक्षर, पण आत स, हलन्त, त, हलन्त, र आणि ी अशी ६ चिन्हे आहेत. "क्षेत्र" मध्ये ७ आहेत, दिसतात दोन अक्षरे. फॉन्टमधले नियम लावून आधी अक्षरांची जुळणी केली, म्हणजे अर्धा स झाला, त्र जुळला, पहिली वेलांटी व्यंजनाच्या अलीकडे गेली, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसला, तरच खरी रुंदी कळते. सुट्या चिन्हांची बेरीज जोडाक्षरांच्या शब्दात बहुधा जास्त भरते. म्हणून माझ्या तक्त्यांत जागा शिल्लक असताना ओळ मोडते, उजवीकडे लावलेला मजकूर कडेपासून दूर राहतो आणि मध्यावर ठेवलेले शीर्षक डावीकडे सरकते. जुन्या डेटात "पुढाऱ्यांचे" सारख्या शब्दांत र आणि हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह टाकलेले असते, कारण तेव्हा तो ऱ्य तसाच टाइप करत असत. त्या न दिसणाऱ्या चिन्हालाही आपण रुंदी देता.

याउलट काही ठिकाणी रुंदी कमी पडते. "शिर्डी", "वर्दी" अशा शब्दांच्या शेवटी वेलांटीवर रफार आला की अनेक फॉन्टांत तो अक्षराच्या ठरलेल्या रुंदीच्या बाहेर, उजवीकडे झुकतो. पुढच्या अक्षरासाठी किती सरकायचे आणि शाई, म्हणजे अक्षराचा प्रत्यक्ष रंगलेला भाग, कुठपर्यंत पोहोचते, ही दोन वेगळी मापे आहेत. आपण एकच परत करता. शेवटच्या स्तंभात त्यामुळे रफाराचे टोक तुटते.

सगळ्यात वाईट भाग लांब मजकूर आखूड करून तीन टिंबे लावण्याचा आहे. तिथे आपण चिन्हे मोजून मध्येच कापता. त्यामुळे ओळ "कर्ज मंजुरी क्" अशी हलन्तावर संपते. मात्रा व्यंजनापासून तुटली तर ती नुसत्या ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसते. सभासदाच्या आडनावात असे वर्तुळ आले की संस्थेचे लोक मला फोन करून विचारतात की डेटा खराब झाला का. डेटा व्यवस्थित असतो.

आणखी एक शंका आहे, ती आपल्या विकसकांनी तपासावी. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्राम बनवण्याच्या प्रणालीत मजकूर मोजण्याच्या दोन जुन्या वाटा आहेत, एक जीडीआयची आणि दुसरी जीडीआय प्लसची, आणि त्यांची उत्तरे जुळत नाहीत. दुसरी वाट दोन्ही बाजूंना थोडी जास्तीची जागा धरते. आपण एका वाटेने मोजून दुसऱ्या वाटेने काढत असाल असे मला वाटते, कारण स्क्रीनचे प्रमाण १२५ किंवा १५० टक्के ठेवल्यावर ओळीच्या शेवटी चूक वाढत गेलेली दिसते. एकेका अक्षराची रुंदी पूर्णांकात आणून बेरीज केली तरी असेच होते.

हे काम अशक्य आहे असे कृपया सांगू नका. मजकूर मांडण्यासाठी विंडोज २००० मध्ये युनिस्क्राइब हे साधन आले, विंडोज ७ मध्ये डायरेक्टराइट आले. दोन्ही देवनागरीची जुळणी करून खरी मापे देतात. हार्फबझ ही अशीच जुळणी करणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) मुक्त आहे आणि फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस तीच वापरतात. ब्राउझरच्या कॅनव्हासवर, म्हणजे वेबपानातल्या चित्र काढण्याच्या जागेवर, मजकूर मोजला तर सरकण्याची रुंदी, फॉन्टने मागितलेली उंची आणि प्रत्यक्ष शाईची हद्द अशी उत्तरे वेगवेगळी मिळतात. मी माझ्या त्याच याद्या त्याच संगणकावर ब्राउझरमध्ये आणि लिबरऑफिसमध्ये निर्मला, नोटो आणि मुंबईच्या एक टाइपने बनवलेल्या मुक्ता या फॉन्टांत उघडून पाहिल्या. एकही रफार गेला नाही. जे फुकट मिळणाऱ्या साधनांत होते ते पैसे घेऊन विकलेल्या कंपोनंटमध्ये व्हायला हवे, ही अपेक्षा जास्तीची नाही.

आपण सुचवलेला दुसरा उपाय, ओळीची उंची हाताने वाढवण्याचा, मी करून पाहिला. ओळ उंच झाली, पण मजकुराची चौकट तेवढीच राहिली, आणि कापणे त्या चौकटीवरच होते. फॉन्ट लहान करण्याचा सल्ला तर मी संस्थांना देऊच शकत नाही. तो स्क्रीन म्हाताऱ्या माणसांना लांबून वाचता यावा म्हणूनच लावला आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत. माझी तक्रार त्रुटी म्हणून नोंदवून पुन्हा उघडावी आणि सपोर्टच्या ठरावीक उत्तरांऐवजी मजकूर चित्रणाचे काम करणाऱ्या विकसकाने ती पाहावी. ज्या फॉन्टमधून अक्षरे प्रत्यक्ष येतात, त्याच फॉन्टच्या मापांवरून ओळीची उंची ठरावी आणि एका ओळीत दोन फॉन्ट आले तर दोघांतले मोठे माप घ्यावे. रुंदी जुळणी झाल्यावरच मोजावी, आणि जे साधन मोजते त्यानेच काढावे. मजकूर आखूड करताना पूर्ण अक्षराच्या सीमेवरच तोडावा. सरकण्याची रुंदी आणि शाईची हद्द विकसकाला वेगवेगळी मिळावी, म्हणजे निदान माझ्यासारख्यांना स्वतः चौकट ठरवता येईल. यातली शेवटची गोष्ट लगेच करण्यासारखी आहे, आणि तेवढी जरी आधी दिलीत तरी माझ्या संस्थांचे स्क्रीन मी सुधारू शकेन. तपासणीसाठी शब्द हवे असतील तर सोबतच्या फाइलमध्ये मी गावांची नावे, जोडाक्षरे, ऱ्य चे जुने आणि नवे दोन्ही प्रकार, ऋकार आणि "उद्धृत" सारखे खाली वाढणारे शब्द घालून दिले आहेत. ती फाइल आपल्या नेहमीच्या चाचण्यांत ठेवावी, त्याला माझी काही हरकत नाही.

दुरुस्त आवृत्ती केव्हा येईल ते लेखी कळवावे. ती येईपर्यंतच्या काळाचे परवाना शुल्क परत करावे किंवा परवान्याची मुदत तेवढी वाढवावी. तोपर्यंत माहितीपत्रकातला भारतीय भाषांचा दावा मागे घ्यावा, कारण तो वाचून आणखी कोणी माझ्यासारखे पैसे भरू नयेत.

हा व्यवसाय मी एकटी, स्वयंरोजगार म्हणून उपजीविकेसाठी करते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अशा कामासाठी केलेली खरेदीही ग्राहकाचीच धरली जाते, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीलाही त्या कायद्यात जागा आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवण्याआधी आपल्याला पुरेशी संधी द्यावी म्हणून हे पत्र पाठवत आहे. महिनाभरात समाधानकारक लेखी उत्तर आले नाही तर मी तिथे आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपल्या विकसकांना माझ्या संगणकावर दोष प्रत्यक्ष पाहायचा असेल तर कामाच्या कोणत्याही दिवशी मी स्क्रीन दाखवायला तयार आहे.

आपली,
परवानाधारक ग्राहक, सांगली

सोबत :
चौकटी रंगवलेले स्क्रीनशॉट
चाचणीच्या शब्दांची फाइल
दोष दाखवणारा छोटा प्रोग्राम, सोर्ससह
परवान्याच्या पावतीची प्रत आणि आधीचा पत्रव्यवहार