काकू, तुम्ही खोडलेल्या यादीबद्दल

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही "काहीतरीच काय तुझं" म्हणत चहाचं आधण ठेवता आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून हे पत्र सगळ्यांच्या देखत लिहितेय. शिवाय लंडनहून परत आल्यापासून सोसायटीत आणि ऑफिसात जो भेटेल तो "दोन दिवसांत तिथे काय बघायचं गं?" विचारतो. मी उत्तर देते खरी, पण ते सगळं तुमचं असतं.

कंपनीने तिकडच्या ऑफिसात पाठवायचं नक्की केलं तेव्हा मी ग्रुपवर जमवलेली यादी घेऊन तुमच्याकडे आले होते. लंडन आय, मादाम तुसाँ, राजवाड्यापुढची पहारा बदली, ऑक्सफर्ड स्ट्रीट, आणखी बरंच काही. तुम्ही चष्मा लावलात, पेन मागितलंत आणि एकेक नाव खोडत सुटलात. "मेणाचे पुतळे लोणावळ्यालाही आहेत की." "पहारा बदलताना तुला पुढच्या माणसाची पाठ दिसेल." खरेदी तेवढी ठेवलीत, तीही शनिवारी संध्याकाळी, कारण रविवारी तिथली मोठी दुकानं सहाच तास उघडी असतात. मला तेव्हा जरा रागच आला होता. जन्मात पहिल्यांदा परदेशी निघालेय आणि ह्या सगळं काटताहेत! मग तुम्ही कालनिर्णयचं जुनं पान फाडून पाठीमागे लिहायला घेतलंत.

आधी कामाच्या गोष्टी. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं, पण दिवसभर एकच कार्ड वापर, म्हणजे भाडं ठरलेल्या आकड्यापुढे जात नाही. ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, शिरताना आणि बाहेर पडतानाही टेकव, बसमध्ये फक्त चढताना. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून बंद आहेत. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभी राहा. छत्री नको, वाऱ्याने उलटते. टोपीचा रेनकोट घे. ट्यूबच्या नकाशावरच्या अंतरांवर विश्वास ठेवू नकोस, हॅरी बेकने १९३१ मध्ये तो काढतानाच खऱ्या अंतरांना रजा दिली होती. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन जेमतेम पाव किलोमीटर आहे, तेवढ्यासाठी जमिनीखाली कशाला जायचं? आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे गरज लागली की सरळ एखाद्या मोठ्या म्युझियममध्ये शिर, तिकीट नसतं आणि स्वच्छतागृह चांगलं असतं. एकटीने दिवसभर पायी हिंडणाऱ्या बाईला या एका ओळीचा किती आधार असतो, ते मी इथे फार लिहीत नाही. एकाही व्हिडिओत कुणी हे सांगितलं नव्हतं.

शनिवारच्या वर तुम्ही लिहिलं होतंत, "दहा नंबर ते दहा नंबर". खाली वॉरिक ॲव्हेन्यू स्टेशन आणि हाउली प्लेसमधल्या दहा नंबरच्या घराचा पत्ता. घर कुणाचं, ते मुद्दामच लिहिलं नव्हतंत ना? मी आपली पत्ता शोधत गेले. शांत गल्ली, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि भिंतीवर निळी गोल पाटी: लोकमान्य टिळक. मी रोज केसरीवाड्यावरून गाडी मारत ऑफिसला जाते, पण कधी मान वळवून बघत नाही. तिथे मात्र पाय हलेनात. इंग्रज पत्रकार चिरोलवर टिळकांनी भरलेला बदनामीचा खटला शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपतो. साठी उलटलेला, मंडालेची सहा वर्षं काढलेला, मधुमेहाने बेजार झालेला माणूस तो खटला लढायला १९१८ मध्ये इतक्या लांब आला, या गल्लीत राहिला आणि शेवटी हरला. "इथला हिवाळा कसा काढला असेल?" हा प्रश्न मला पुण्यात कधी पडला नसता.

तिथून कालव्याला लागले. रीजंट्स कनालवर त्या लांबुळक्या रंगीत बोटी, कुणाच्या टपावर कुंड्या, कुणाच्या सरपण. एजवेअर रोडपाशी कालवा बोगद्यात शिरतो आणि काठची वाट संपते. "घाबरू नकोस, वर रस्त्याने जा, पुढे पायऱ्या आहेत," हे तुम्ही लिहून ठेवलं नसतंत तर मी तिथूनच बस धरली असती. मागून सायकलवाले घंटा वाजवत येतात, तेवढं सांभाळायचं.

मॅकल्सफिल्ड ब्रिजपुढे फक्त तीन शब्द होते, "खांबाला हात लाव". लावला. लोखंडी खांबावर बोट बसेल अशा खोल खाचा, आपल्या जुन्या विहिरींच्या काठावर दोराने पडलेल्या असतात अगदी तशा. काठावरून घोडे बोटी ओढायचे, त्यांचे दोर खांबाला घासून घासून लोखंड झिजलं. गंमत म्हणजे खाचा दोन्ही बाजूंना आहेत. १८७४ च्या ऑक्टोबरात बंदुकीची दारू भरलेल्या बोटीचा इथे पहाटे स्फोट होऊन पूल उडाला. पुन्हा बांधताना तेच खांब वापरले, पण फिरवून बसवले. मग दोरांनी दुसरी बाजूही कापली. मी तिथे इतका वेळ खांब चाचपत होते की कुत्रं फिरवणाऱ्या एका आजोबांनी "काही हरवलंय का?" म्हणून विचारलं. त्यांना स्फोटाची गोष्ट मी सांगितली, काकू! लंडनच्या माणसाला लंडनची गोष्ट, आणि तीही तुमच्या जिवावर.

पुढे प्राणिसंग्रहालयाच्या कडेने जाऊन प्रिमरोज हिल. टेकडी म्हणजे पर्वतीच्या मानाने काहीच नाही, पण वर गेल्यावर सगळं शहर समोर मांडलेलं. खोडलेल्या लंडन आयचं चाकसुद्धा फुकटात दिसलं.

पलीकडे उतरल्यावर दुसरा दहा नंबर, किंग हेन्रीज रोड. हा पत्ता मला माहीत होता, तरी दारात जरा थांबले. बाबासाहेब इथे १९२१-२२ मध्ये राहिले. इथून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकायला जायचे आणि ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसायचे. घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने घेतलं. आत नागपूरचं एक कुटुंब होतं. कुणी सांगितलं नसताना आजींनी दाराशी चपला काढल्या होत्या. "बाहेरच्या पाटीवर काय लिहिलंय, वाच बाई," म्हणाल्या. सामाजिक न्यायासाठी लढणारा, असं लिहिलंय म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि पदराने टेबलाची कड पुसली, धूळ नव्हती तरी. पुण्यात या दोन नावांचा एका वाक्यात उच्चार केला की वाद सुरू होतो. तुम्ही मधलं अंतर मला पायी चालायला लावलंत. फार तर चार-साडेचार किलोमीटर असेल. त्यावर तुमचं म्हणणं काय ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि बरंच केलंत.

रविवार थोडक्यात सांगते. ब्रिटिश म्युझियममध्ये "एकच दालन बघ आणि बाहेर ये" या हुकमाप्रमाणे फक्त आंध्रातल्या अमरावतीची शिल्पं पाहिली. स्तूपाच्या एका शिळेवर तोच अख्खा स्तूप कोरलाय, ती शिळा बघायचीच असते. आपल्या नाणेघाटातले सातवाहन तिथेही भेटतात, आणि हे सगळं इथे कसं आलं हा प्रश्न घेऊनच माणूस बाहेर पडतो. मग डीएलआर नावाच्या बिनड्रायव्हरच्या रेल्वेगाडीत सगळ्यात पुढच्या सीटवर बसून (एका लहान मुलाशी स्पर्धा करून मिळवली!) आयलंड गार्डन्सला गेले. तिथून १९०२ सालच्या बोगद्यातून थेम्सच्या खालून चालत ग्रिनिच. वेधशाळेच्या छपरावरचा लाल गोळा एकला पाच कमी असताना अर्ध्यावर चढतो, दोन मिनिटं कमी असताना टोकाला जातो आणि ठोक्याला एक वाजता खाली येतो. १८३३ पासून हे चाललंय. बोटींवरच्या घड्याळांसाठी होतं, आता आमच्यासारख्यांसाठी. फाटकाबाहेरून दिसतं, तिकीट लागत नाही. पुण्यात तेव्हा साडेपाच वाजले होते. तुमच्या चहाची वेळ म्हणून फोन केला, तर तुम्ही म्हणालात, "गोळा पडला का? मग आता खाऊन घे."

चिप्सवर व्हिनेगर ओतायचा तुमचा सल्ला मात्र मला मान्य नाही. ओतून पाहिलं. पुन्हा ओतणार नाही.

काकू, ग्रुपवरच्या यादीने हिंडले असते तर तिकिटांच्या रांगांचे फोटो घेऊन आले असते. तुम्ही तुमच्या इतक्या वर्षांच्या पायपिटीतला निवडक भाग मला काढून दिलात, तोही एका दुपारी, भाजी निवडता निवडता. त्याबद्दल मनापासून आभार. आता हे सगळ्यांसमोर लिहिलंय, त्यामुळे "काहीतरीच काय" चालणार नाही.

एक विनंती आहे. आमच्या टीममधला एक मुलगा पुढच्या महिन्यात तिकडे निघालाय. त्याला संध्याकाळी तुमच्याकडे पाठवू का? फुटबॉलवेडा आहे, चालायचा कंटाळा आहे आणि इतिहासाशी देणंघेणं नाही, तेव्हा त्याची यादी वेगळी करावी लागेल. पेन मी त्याच्यासोबत देते.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची