टाकळीचा दगड

प्रिय विनू,

पार्सल परवा मिळालं. नागपूरजवळच्या टाकळीचा तो करडा दगड हातात घेतला आणि संध्याकाळभर खाली ठेववेना. अंगठ्याच्या नखाएवढा शंख आहे त्यात. टोक वर धरलं की तोंड डावीकडे येतं, पाहिलंस? बहुतेक शंख उजवे असतात. हा फायसा नावाच्या गोगलगायीचा, गोड्या पाण्यातला. म्हणजे लाव्हाच्या दोन थरांमधल्या काळात तुमच्या नागपुरात तळी होती, आणि त्यांत या गोगलगायी फिरत होत्या!

हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांनी नागपूरच्या आसपासचे खडक आणि जीवाश्म अभ्यासून त्यावरचा लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीला, म्हणजे तिथल्या भूशास्त्राच्या संस्थेला, पाठवला. १८५५ मध्ये तो तिच्या त्रैमासिकात आला. आपल्या कॉलेजला नाव आहे तेच हे हिस्लॉप. त्यांच्या चिकाटीचं कौतुक आहेच, पण दगडाची हकीकत पाठवायला त्यांच्याकडे एक पत्ता होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

तो पत्ता, म्हणजे ही सोसायटी, तयार झाली १३ नोव्हेंबर १८०७ ला. लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही जण जेवायला जमले. डॉक्टर होते, औषधवाले होते, पुस्तकं छापून विकणारा होता, हम्फ्री डेव्हीसारखा रसायनशास्त्रज्ञ होता. त्याआधी फ्रेंच क्रांतीमुळे परागंदा झालेल्या बूर्नों या खनिजतज्ज्ञाचा कॅल्साइट या खनिजावरचा ग्रंथ छापायला मंडळींनी वर्गणी काढली होती, त्याच भेटीगाठींतून संस्था उभी राहिली. खनिजवेड्या मित्रांची वर्गणी, विनू!

त्या काळी बेसाल्टवरून रण माजलं होतं. हा दगड आगीतून आला की समुद्राच्या पाण्यातून साचला? आपला बहुतेक सह्याद्री ज्याचा, त्याच काळ्या दगडाचा वाद. नव्या संस्थेने ठरवलं, सिद्धांत बाजूला ठेवा, आधी नीट पाहा आणि टिपून घ्या. १८०८ मध्ये त्यांनी प्रश्नांची एक पुस्तिकाच छापून वाटली. घरच्या घरी गोळा केलेल्या दगडांना त्यामुळे शिस्त आली. एकट्याचा छंद दुसऱ्याच्या उपयोगी पडू लागला.

एका गोष्टीचा मात्र राग येतो. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या लाइम रीजिसच्या कड्यातून जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगने प्लेसिओसॉरचा, म्हणजे समुद्रातल्या एका प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याचा, सांगाडा काढला. १८२४ मध्ये याच संस्थेत त्यावर निबंध वाचला गेला, आणि त्यात तिचं नावसुद्धा नव्हतं. बायकांना तिथे फेलो, म्हणजे सभासद, व्हायला १९१९ उजाडलं. तिचा मृत्यू १८४७ चा. केवढं नुकसान करून घेतलं त्यांनी स्वतःचं!

आता तुझ्याकडे येतो. दगडासोबत चिठ्ठी नाही. नेमका कुठे सापडला? विहिरीच्या खोदकामात की नाल्याच्या काठाला? त्याच्या वर काळा दगड होता का, खाली काय होतं? आठवेल तेवढं सगळं लिहून पाठव. मी डबीत कापूस घालून ठेवलाय, लेबलची जागा रिकामी आहे.

तुझा,
अरुण