रिंग नंतर, आधी उतरायला शिकवा

मा. संपादक,

सुट्टीनंतर बडोद्यातल्या आणखी दोन शाळा मुलींचा नेटबॉल सुरू करताहेत असं कळलं. फार आनंद झाला. गेली अकरा वर्षं मी इथल्याच एका शाळेत हे प्रशिक्षण चालवते, म्हणून त्या शाळांना कळकळीनं सांगते: पहिले दोन महिने रिंगकडे, म्हणजे गोल करायच्या कड्याकडे, बघूही नका. मुलींना आधी उडी मारून जमिनीवर उतरायला शिकवा.

या खेळात चेंडूचे टप्पे देत पळता येत नाही. झेल घेताना जो पाय आधी टेकला तो उचलला, तर चेंडू हातातून सुटेपर्यंत पुन्हा टेकायचा नाही, आणि चेंडू 3 सेकंदांत सोडायचा. म्हणजे भरधाव आलेली मुलगी हवेत झेल घेते आणि जवळजवळ जागच्या जागी थांबते. तो सगळा जोर गुडघ्यावर येतो.

तीन वर्षांपूर्वी एका शाळेच्या आवारात सामना होता. खाली पेवर ब्लॉक, त्यावर बारीक रेती. आमची सेंटर, म्हणजे मधल्या जागेवर खेळणारी, नववीतली मुलगी उंच पास घेऊन एका पायावर उतरली. गुडघा ताठ होता आणि अंग वळलं. कुणाचा धक्कासुद्धा लागला नव्हता. "बाई, आत काहीतरी कट्टकन वाजलं," एवढंच म्हणाली. लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा कोर्टवर आली नाही. त्या जागेवर खेळायला होकार मीच दिला होता, ते अजून सलतं.

तेव्हापासून आमच्या सरावाची पहिली वीस मिनिटं फक्त उतरण्याची. चवड्यावर उतरायचं, गुडघे वाकवायचे, आत वळू द्यायचे नाहीत. मी पाठ करून उभी राहते आणि नुसतं ऐकते. 'थाड' आवाज आला की ती उडी पुन्हा. मुली कंटाळतात, "रिंग कधी?" म्हणून मागे लागतात. पण गोल करायची मुभा संघात दोघींनाच, गोल शूटर आणि गोल अटॅक. उतरावं सातही जणींना लागतं.

महागडं सिंथेटिक कोर्ट कुठून आणायचं, असं संचालक विचारतात. ते नसलं तरी चालेल. 30.5 मीटर लांब, 15.25 मीटर रुंद अशी सपाट, खडे वेचलेली, पाणी मारून बसवलेली माती पुरते. जुम्मादादा व्यायाम मंदिरासारखी जुनी तालीम असलेल्या या गावात मातीची किंमत सांगावी लागावी याचंच वाईट वाटतं. शोभेसाठी सगळं मैदान पेवरनं झाकू नका, एवढी विनंती.

या शाळांनी बोलावलं तर शनिवारी सकाळी मी माझ्या दहावीच्या मुलींना घेऊन येईन आणि सगळं करून दाखवीन. मानधन नको. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

— एक क्रीडाशिक्षिका, दांडिया बाजार, बडोदे