मुलांना उजेडात पाठवणाऱ्या नेत्रतज्ज्ञांचे जाहीर आभार

आदरणीय डॉक्टर,

सादर नमस्कार.

थोरल्या मुलीला चष्मा लागला होता आणि आता धाकट्यालाही लागतो की काय, या धास्तीने आम्ही आपल्याकडे आलो, तेव्हा बाहेर रुग्णांची गर्दी असूनही आपण आम्हाला जो वेळ दिला, त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. ‘मुलांना रोज दोन तास उघड्यावर खेळू द्या’ एवढे सांगून आपण आमची बोळवण करू शकला असता आणि आम्हीही मान डोलावून ते विसरलो असतो. आपण मात्र चिठ्ठीच्या पाठीमागे नेत्रगोलाची आकृती काढली, तो मागच्या बाजूला लांबत गेला की दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या, अलीकडेच कशी पडते हे दाखवले, आणि भरपूर उजेडात दृष्टिपटलामध्ये डोपामिन हे रसायन अधिक स्रवते व त्यामुळे ही वाढ आवरली जाते, असे बहुतेक संशोधक मानतात, हेही मुलांना समजेल अशा शब्दांत सांगितले.

त्याच संध्याकाळी मुलीने मोबाईलवरच्या प्रकाशमापकाने घर मोजायला घेतले. अभ्यासाच्या टेबलावर दिवा लावूनही आकडा पाचशे लक्सच्या पुढे सरकेना. दुसऱ्या दिवशी बाहेर झाडाच्या सावलीत मात्र तो काही हजारांवर गेला. कडक उन्हात उभे राहण्याची गरज नाही, सावलीतही चालते, हे आपले म्हणणे त्यानंतर घरात कोणालाही पटवावे लागले नाही.

आपण काहीही फुगवून सांगितले नाही, याचे मला विशेष वाटते. चीनमधील ग्वांगझू शहरातील पहिलीच्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटे जास्त बाहेर नेले, तेव्हा तीन वर्षांत त्यांच्यातील 30.4 टक्के मुलांना मायोपिया, म्हणजे दूरचे धूसर दिसण्याचा दोष, झाला आणि नेहमीच्या वेळापत्रकातील मुलांमध्ये हे प्रमाण 39.5 टक्के होते, हा 2015 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आपण सांगितलात. पण आनुवंशिकतेचा आणि तासन्‌तास जवळून वाचण्याचा वाटा उरतोच, आणि लागलेला नंबर बाहेर खेळून उतरत नाही, म्हणून थोरलीने चष्मा लावायचाच, हेही त्याच दमात बजावले.

मुलांना एकटे सोडता येत नाही, म्हणून आम्हीही बरोबर जाऊ लागलो आणि लाभाचा मोठा वाटा बहुधा आमच्याच पदरात पडला. सकाळचा उजेड शरीरातील घड्याळ जागेवर आणतो, त्यामुळे रात्री झोप वेळेवर येते, याचा अनुभव मी घेतला. मुलीचे वेगळेच. खोडावर पाझरलेल्या डिंकाच्या थेंबाला वळसा घालून जाणारी मुंग्यांची रांग ती कितीतरी वेळ न्याहाळत बसते, आणि परतल्यावर गणिताला बसताना तिची नेहमीची कुरकुर नसते. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी मांडले आहे की निसर्गात लक्ष आपोआप गुंतते, त्यासाठी मनावर जोर द्यावा लागत नाही आणि थकलेली एकाग्रता सावरते. मुलीकडे पाहून मला ते खरे वाटते. इंग्लंडमधील सुमारे 20 हजार लोकांच्या माहितीवर आधारलेल्या 2019 च्या अभ्यासात, आठवड्याला निदान 120 मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले, मग तो वेळ सलग असो वा तुकड्यातुकड्यांनी. (प्रकृती धड असलेलेच लोक बाहेर जास्त पडतात, हेही त्यामागे असू शकेल, अशी शंका आपण नक्की काढाल.)

एक विनंती आहे. चिठ्ठीच्या पाठीमागची ती आकृती मोठी करून आपल्या प्रतीक्षा कक्षाच्या भिंतीवर लावावी. तिथे बसलेल्या पालकांच्या आणि मुलांच्या हाती तोवर मोबाईलच असतो. रेखाटनाचे आणि चौकटीचे काम माझी मुलगी आनंदाने करील. आपली परवानगी तेवढी हवी.

आपला कृतज्ञ,
दोन मुलांचा पालक