आधी जुनी वही दाखव

प्रिय ताई,

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, हे मला दोनदा अनुभवून कळलं. म्हणून आता लेखी, आणि चारचौघांत. दुसरं कारण जरा लाजिरवाणं आहे. गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणांनी मला विचारलं, "नवीन डीएसएलआर घेतलाय, लेन्स कोणती घेऊ?" आणि मी प्रत्येकाला तुमचं उत्तर माझं म्हणून ऐकवलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या बाईची उधारी अशी परस्पर खपवणं बरं नाही. ती इथे कबूल करतो.

तुमच्याकडे आलो तेव्हा मला सल्ला नको होता, शिक्का हवा होता. कॅमेरा घेऊन दीड महिना झालेला, सोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स (हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं), आणि फोटो काही मनासारखे येत नव्हते. दोष लेन्सचा आहे हे मी ठरवून टाकलं होतं. (निम्मा होताही.) त्यावर उपायही ठरवला होता: १८-३००. जवळचं, लांबचं, सगळं एकाच नळीत, लेन्स बदलायची कटकट नाही. नाटकांच्या तालमींचे फोटो तुम्ही वर्षानुवर्षं काढता, तिथे फ्लॅश चालत नाही, हे ऐकून होतो. तुम्ही 'हो, छान आहे' म्हणालात की घेऊन टाकायची, एवढंच डोक्यात होतं.

तुम्ही चष्मा पुसत होतात. विचारलंत, "कशाचे फोटो काढतोस?"

"सगळ्याचेच."

"सगळ्याचे कुणीच काढत नाही. आधी जुनी वही दाखव."

वही म्हणजे मेमरी कार्ड, हे समजायला मला क्षणभर लागला. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप आणला. त्यात सहाशेच्या वर फोटो होते. मला वाटलं आता तुम्ही फोटो बघणार, चांगले-वाईट सांगणार, आणि मी मनातल्या मनात सबबींची जुळवाजुळव करत होतो. तुम्ही फोटो पाहिलेच नाहीत. प्रत्येक फोटोच्या पोटात कॅमेरा जी नोंद ठेवतो, ती एक्झिफची माहिती उघडायला लावलीत आणि कोऱ्या कागदावर चार रकाने आखलेत: फोकल लेंथ (तोच मिलिमीटरचा आकडा), अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं), शटर (प्रकाश किती वेळ आत येतो), आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील). फोटोंची खतावणी! इतकी वर्षं लोक फोटोंकडे बघून लेन्स ठरवत असतील असं मला वाटायचं. आकड्यांकडे बघून ठरवणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

पहिल्या रकान्यात ढीग दोनच ठिकाणी होते, १८ ला आणि ५५ ला. मी लगेच उडी मारली. "बघा ताई, ५५ ला येऊन अडलोय. म्हणजे लांबचीच लेन्स हवी." त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी आता सगळ्यांना सांगत असतो. टोकाला ढीग साचतोच. झूमचं कडं माणूस एक तर पूर्ण इकडे फिरवतो नाही तर पूर्ण तिकडे, कारण मधे कुठे थांबायचं हे त्याने ठरवलेलंच नसतं. त्यामुळे टोकाचा आकडा बघायचा नाही, तो फोटो उघडून बघायचा: आणखी पुढे जायचं होतं का, आणि पायांनी जाता आलं असतं का? आपण ५५ चे सगळे उघडले. तारेवरचे पक्षी आणि एक चंद्र, असे अकरा फोटो सोडले तर बाकी सगळ्यांत माझी मुलगी होती. हाताच्या अंतरावर. दोन पावलं टाकायचा कंटाळा केला होता, एवढंच.

मग शटरचा रकाना. खरी गोची तिथे निघाली.

माझे निम्म्याहून जास्त फोटो संध्याकाळचे, घरातले, दिव्याखालचे. शटर १/१५ सेकंद, कुठे १/१०. आयएसओ १६००, कारण त्यावर गेलं की दाणे येतात असं कुठेतरी वाचून मी स्वतःला कुंपण घालून घेतलेलं. फोटो हललेले, हे मला माहीत होतं. पण हललेल्या फोटोंचे दोन प्रकार असतात हे तुम्ही दोन फोटो शेजारी ठेवून दाखवलंत. एकात सगळंच पुसट होतं: भिंत, पडदा, मुलगी, खुर्ची. दुसऱ्यात पडद्याची शिवणसुद्धा स्पष्ट दिसत होती आणि पोरगी धुरासारखी. पहिल्यात माझा हात हलला होता, दुसऱ्यात ती. मी दोन्हीला एकच आजार समजत होतो आणि दोन्हीला एकच औषध शोधत होतो.

निकॉन ज्याला व्हीआर म्हणते, कॅनन आयएस, टॅमरॉन व्हीसी, सिग्मा ओएस, ते सगळं एकच काम करतं, तुमचा हात स्थिर धरतं. "तुझा हात धरतं, तुझ्या मुलीचा नाही," असं तुम्ही म्हणालात. माझ्या किट लेन्सला व्हीआर होतंच, म्हणून तर पडद्याची शिवण आली होती. जिच्यावर माझा जीव जडला होता त्या १८-३०० लाही ते होतं, पण तिचं तोंड लांबच्या टोकाला ६.३ पर्यंतच, म्हणजे थोडंच उघडतं. म्हणजे ज्या अंधाराशी माझं भांडण, तो मी पैसे मोजून आणखी वाढवणार होतो. त्या दुपारी मी बराच वेळ गप्प होतो. तुम्ही त्याचा गैरफायदा घेऊन माझ्या डब्याशेजारची शेवटची मोकळी जागाही कागदांनी भरलीत.

अ‍ॅपर्चरचे आकडे मला कधी झेपलेच नव्हते. लहान आकडा म्हणजे मोठं तोंड, हे उलटं का, विचारलं तर लोक 'तसंच असतं' म्हणतात. तुम्ही एका ओळीत सोडवलंत: तो भागाकार आहे, आकडा खाली असतो. फोकल लेंथ भागिले १.८ हे फोकल लेंथ भागिले ४.५ पेक्षा मोठंच येणार. आणि १.४, २, २.८, ४, ५.६, ८ या शिडीवर एक पायरी चढलं की प्रकाश निम्मा होतो. किट लेन्स ३५ ला साधारण ४.५ पर्यंत उघडते. १.८ वाल्या लेन्सशी तुलना करायची तर ४.५ भागिले १.८, अडीच, अडीचचा वर्ग सव्वासहा. सहापट प्रकाश. १/१५ च्या जागी १/९०. आयएसओ ३२०० केलं तर १/१८०. कॅल्क्युलेटर शेजारी पडलेला असूनही तुम्ही हे तोंडी केलंत, आणि वर म्हणालात की दाणे आले तर येऊ देत, दाणेदार फोटो लोक जपून ठेवतात, हललेला पुसून टाकतात.

म्हणजे झूम नाही, प्राइम. एकाच फोकल लेंथची, पण मोठ्या तोंडाची. आता कोणती, ५० की ३५?

ज्याला त्याला विचारा, पहिली लेन्स ५० एमएमच सांगतो. स्वस्त, हलकी, स्वच्छ चित्र, सगळं खरं आहे. पण हा सल्ला फिल्मच्या काळातून चालत आलेला आहे, तेव्हा फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरची होती. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर त्याहून लहान. निकॉनच्या अशा सेन्सरवर दीडपट धरायची, कॅननच्या १.६ पट. म्हणजे ५० लावली की दिसतं ७५ एवढंच. हे सगळं मी वाचलेलं होतं, पाठही होतं, पण त्याचा अर्थ कळला तो तुमच्या चिकटपट्टीमुळे. फायली बांधायची ती तपकिरी पट्टी तुम्ही ड्रॉवरमधून काढलीत आणि किट लेन्सचं कडं ४५ आणि ५५ च्या मधे पक्कं करून टाकलंत. "आज असंच वापर. उद्या ३५ ला चिकटव."

पहिल्या संध्याकाळी पाठ कपाटाला टेकली तरी मुलीचा चेहरा आणि खांदा यापलीकडे काही मावेना. ती जमिनीवर बसून ठोकळ्यांचा मनोरा रचत होती. एक तर ती यायची, नाही तर मनोरा. दुसऱ्या दिवशी ३५ वर दोघं आले, आणि मनोरा पडताना तिचे दोन्ही हात हवेत, तेही आलं. हललेलं आलं, पण आलं. ५० वाईट नाही, माझी खोली लहान आहे. हे कुठल्याही परीक्षणात लिहिलेलं नसतं, कारण परीक्षण लिहिणाऱ्याने माझी खोली पाहिलेली नसते.

तरीही मी अडून बसलो, कारण घरात वडिलांची जुनी ५० होती, फुकटातली. तुम्ही ती हातात घेतलीत, मागून टॉर्च मारलात आणि मला आत बघायला लावलंत. काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. बुरशी. मला आजवर ती धूळ वाटत होती. त्यातून ती जुन्या एएफ-डी जातीची. तिच्यात फोकसची मोटर नसते, ती फिरवायला कॅमेऱ्याच्या माउंटवर, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कड्यावर, एक छोटा स्क्रू लागतो, आणि निकॉनच्या डी३००० किंवा डी५००० मालिकेतल्या माझ्यासारख्या बॉडीवर तो नसतोच. निकॉनचं एफ माउंट १९५९ पासूनचं, त्यामुळे जुनी लेन्स बसते म्हणजे चालतेच असं वाटतं. प्रकाश मोजणारा मीटर चालतो, फोकस हाताने करावा लागतो. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका पेटला की फोकस जमला, हेही तुम्हीच दाखवलंत. त्या ठिपक्यावर मी वडिलांचा एक फोटो काढला, ते पेपर वाचत असताना. ते हलत नाहीत म्हणून जमलं. बुरशीमुळे उजेडाकडची बाजू जराशी दुधाळ आली आहे. मला तो फोटो फार आवडतो.

नवी घेताना मग नावात 'एएफ-एस' (म्हणजे मोटर लेन्समध्येच) आहे ना, एवढं बघायचं. १.८ वाली डीएक्स (लहान सेन्सरसाठीची) ३५, २००९ मध्ये आलेली. पण त्याआधी तुम्ही तुमची स्वतःची ३५ शनिवार-रविवार माझ्या हवाली केलीत. बुरशीची लेन्स दाखवणाऱ्या माणसावर एवढा विश्वास कसा टाकलात, कोण जाणे.

डीएसएलआर म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यांचे दिवस सरले, निकॉन आणि कॅनन दोघांनीही २०१८ मध्ये बिनआरशाच्या कॅमेऱ्यांसाठी नवी माउंट आणली, आता कशाला यात पैसे घालतोस, असंही मला त्या काळात खूप जणांनी सांगितलं. तुमचं त्यावर मत विचारलं तर तुम्ही नुसतं, "मुलगी आत्ता पाचची आहे ना?" म्हणालात. एवढ्यावर तो विषय संपला.

लेन्स आली आणि मी पहिल्या आठवड्यात सगळे फोटो १.८ वरच काढले. पैसे वसूल करायचे होते. नाकाचा शेंडा असा स्पष्ट की त्यावरची लव मोजावी, आणि डोळे धूसर. लेन्स खराब निघाली म्हणून मी पुन्हा तुमच्या टेबलाशी. तुम्ही विचारलंत, किती अंतरावरून? दोनेक फूट. मग पुन्हा कागद. दोन फुटांवर १.८ ला या लेन्सचा स्पष्ट पट्टा जेमतेम दोन सेंटिमीटरचा, आणि नाकाच्या शेंड्यापासून डोळा त्याहून मागे. लेन्सचं काही चुकलेलं नव्हतं. फोकसचा मधला चौकोन नाकावर बसत होता, तो डोळ्यावर सरकवायचा आणि उजेड परवडेल तिथे शिडीवर २.८ पर्यंत चढायचं. २.८ लाही किट लेन्सच्या अडीचपट प्रकाश उरतोच की.

किट लेन्स विकू नकोस म्हणालात, ते ऐकलं. उन्हात, ८ वर, दोन्हींचे फोटो शेजारी ठेवले तर मला स्वतःला फरक सांगता येत नाही. हूड, म्हणजे लेन्सपुढचं ऊन अडवणारं कडं, मात्र लावायला मी अजूनही विसरतो.

त्या अकरा फोटोंचं तेवढं राहून गेलंय. पक्षी आणि चंद्र. त्यासाठी ७०-३०० घ्यावी असं मधूनमधून मनात येतं, पण तुमच्याकडे येण्याआधी वही भरायला घेतली आहे. गेल्या तीन महिन्यांत अकराचे चौदा झालेत. चौदावर तुम्ही काय म्हणाल याचा अंदाज आहे, म्हणून अजून विचारलेलं नाही.

आणि हो, तुमची ३५ परत करताना मी मागचं झाकण बदललं. तुमच्या झाकणावर पांढऱ्या रंगात बारीक खूण होती, ते माझ्या लेन्सला लागलेलं काल दिसलं. सोमवारी आणतो.

तुमचा,
दुसऱ्या मजल्यावरचा नवशिक्या