वसंताला तूच समजाव

नाशिक, गंगापूर रोड

प्रिय सुरेश,
सप्रेम नमस्कार.

माझा गुडघा आता बरा आहे. हे पत्र वसंतासाठी आहे, कारण त्याच्याविषयी मोकळेपणाने लिहावे असे तुझ्याखेरीज दुसरे कोणी नाही.

पावसाळ्यापासून त्याला शौचावाटे रक्त जाते आहे. जवळच्या डॉक्टरांनी न तपासताच मूळव्याध ठरवून मलम दिले. आता वजन उतरले आहे. पट्ट्याला खिळ्याने पाडलेले नवे भोक मी परवा पाहिले. दुसऱ्या डॉक्टरांनी दुर्बिणीने मोठे आतडे तपासायला सांगितले, तर ती चिठ्ठी घडी घालून त्याने एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्यांच्या, पुस्तिकेत ठेवून दिली आहे.

‘व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, सापडतसुद्धा नाही, आता मला काय होणार?’ असे तो विचारतो. सिंहस्थात तुम्ही दोघे रामकुंडावर कडकडून भांडलात, त्याच्या पुढच्याच वर्षी, एप्रिल २००४ मध्ये, सरकारने मोफत एआरटी सुरू केली, आणि पंचवटी एक्सप्रेसने जे. जे. रुग्णालयात खेपा घालून ज्याने जीव वाचवला, त्याचा गोळ्यांवर असा विश्वास बसावा हे मला कळते. (भांडणात चूक तुझीच होती, हे मी आजही म्हणेन.) पण गोळ्या विषाणूला दाबतात, वयाबरोबर आतड्यात उगवणाऱ्या पॉलिपला, म्हणजे आतल्या अस्तरावरच्या छोट्या गाठीला, त्या अडवत नाहीत. पॉलिपचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षे लागतात आणि तोवर तो दुर्बिणीतूनच काढता येतो. एचआयव्ही असलेल्यांत गुदद्वाराचा कर्करोग एचपीव्ही या दुसऱ्या विषाणूमुळे कित्येक पटींनी जास्त आढळतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे तसे नाही, परदेशांतल्या मोठ्या नोंदींत त्याचे प्रमाण इतरांहून वाढलेले दिसत नाही. म्हणजे कर्करोगच असेल असे मी मानत नाही. परंतु या लोकांत तो पुष्कळदा कमी वयात आणि पुढच्या टप्प्यावर सापडतो, आणि रक्त कुठून येते हे पाहिल्याशिवाय मूळव्याध म्हणणे मला भयंकर वाटते.

त्याची खरी भीती वेगळी आहे. दुर्बीण लावणाऱ्यांना आजार सांगितला की मेहुण्यापर्यंत बोभाटा होईल, असे त्याला वाटते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने उपचार नाकारणे आणि संमतीवाचून माहिती फोडणे या दोन्हींना मनाई आहे, हे मी सांगितले. ‘कायदा कागदावर,’ तो म्हणाला. दात काढायच्या वेळी एका दवाखान्याने त्याला दारातून कसे परत पाठवले, हे तू जाणतोस. मला पुढे काही बोलता आले नाही.

नातीचे नाव काय ठेवले ते कळव, आणि तुझी बदली रद्द झाली याचा आनंद झाला.

त्याच्यासोबत मी जाईन, पोट साफ करायचे औषध आदल्या दिवशी समोर बसून पाजीन, पण हो म्हणायला लावणे तुलाच जमेल, कारण तुझ्यावर चिडला तरी तुझे तो ऐकतो. वहिनींना सारे ठाऊक आहे, मुलांना नाही. फोन रात्री नऊनंतर कर. तेव्हा मुले टीव्हीपुढे असतात आणि त्याला गच्चीवर जाऊन बोलता येते.

तुझा,
दिगंबर