करमाफी म्हणजे आरोग्य सुधारणा नव्हे

वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला, त्याला ‘मोठी आरोग्य सुधारणा’ म्हणणारा लेख वाचला. हप्ता हलका झाला हे खरेच (कंपन्यांच्या सामूहिक विम्याला मात्र ही माफी नाही). पण उपचाराचा दर कोण ठरवतो, हा प्रश्न होता तिथेच आहे. तैवानने १९९५ मध्ये कामगार, शेतकरी, सरकारी नोकर यांच्या वेगवेगळ्या विमा योजनांतील आरोग्य कवच एकत्र करून सर्वांसाठी एकच सक्तीचा राष्ट्रीय आरोग्य विमा आणला. पैसे देणारा एकच, त्यामुळे दर ठरवण्याची ताकद त्याच्या हाती आली. बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधेही त्यात बसली. तिथेही सगळे फुकट नाही. तपासणीचे थोडे पैसे रुग्णाला भरावे लागतात. आपल्याकडे महात्मा फुले आणि आयुष्मान योजनेचे पाच लाखांचे कवच मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच कामी येते. चंदगड-गडहिंग्लजहून एसटीने कोल्हापूरला तपासणीसाठी येणाऱ्या मधुमेही शेतकऱ्याचा महिन्याचा औषधखर्च खिशातूनच जातो. त्याने कधी विमा घेतलेलाच नाही. त्याला करमाफीचे काय? राज्याने या योजनांत आधी बाह्यरुग्ण औषधे आणावीत.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर